भेग बुजविणे आणि भेग झाकणे

वस्तू मोडली की ती नीट करावी, याविषयी कोणाचे दुमत असण्याचे कारण नाही. प्रश्न उद्भवतो तो ‘नीट करणे’ म्हणजे नेमके काय, हे ठरविताना. भेग पडलेल्या वस्तूवर रंगाचा हात फिरविला की ती पूर्ववत् दिसू लागते. तीच भेग उकरून, आतील निकामी झालेला भाग काढून, तेथे नवा थर बसविला तरीही ती पूर्ववत् दिसू लागते. डोळ्यांना या दोन कामांतील अंतर कळत नाही. मग जे अंतर दिसतच नाही, त्याला नीतीच्या दृष्टीने काही महत्त्व आहे काय? आणि असल्यास ते जपण्याचे दायित्व कोणाचे? वस्तूच्या मालकाचे, कारागिराचे, की वरवर पाहून समाधान मानणाऱ्या आपणां सर्वांचे? या प्रश्नांचा थोडा विचार येथे करावयाचा आहे.

हा प्रश्न आपल्या उज्जयिनीस परका राहिलेला नाही. श्रीमहाकालेश्वराच्या मंदिरापाशी उभारलेल्या ‘महाकाल लोक’ या परिसराचे उद्घाटन ११ ऑक्टोबर २०२२ रोजी झाले. तेथील सप्तर्षींच्या भव्य मूर्ती दगडाच्या नसून ज्याला आपण व्यवहारात ‘फायबर’ म्हणतो त्या द्रव्याच्या होत्या. पुढे आठ महिनेही लोटले नव्हते, तोच २८ मे २०२३ च्या दुपारी वादळी वारा सुटला आणि सातांपैकी सहा मूर्ती आपल्या स्थानावरून उन्मळून पडल्या. सुदैवाने त्यांच्याखाली कोणी सापडले नाही. त्या घटनेत दोष कोणाचा, हे ठरविणे या लेखाचे काम नव्हे. ती घटना लहानशा भेगेची नव्हती, हेही खरे. परंतु फ्रीगंजमधून रेल्वेचा पूल ओलांडून दर्शनास जाणाऱ्या साध्या भाविकाच्या मनात त्या दिवसाने एक शंका उत्पन्न केली, ती मात्र आपल्या विषयाचीच आहे. बाहेरून भरीव आणि अचल दिसणाऱ्या वस्तूच्या आत काय आहे, हे पाहणाऱ्याला कसे कळावे?

या द्रव्याचा स्वभाव समजून घेतल्यावाचून पुढचा विचार नीट होणार नाही. फायबर म्हणजे काचेचे धागे आणि राळेसारखे एक कृत्रिम द्रव्य, ज्याला कारागीर ‘रेझिन’ म्हणतात, यांचा संयोग होय. केसाहून कितीतरी बारीक असे काचेचे तंतू एकत्र करून त्यांची चटई किंवा कापड बनवितात. साच्यात ते थराथराने अंथरून रेझिनने भिजवितात. रेझिनमध्ये दुसरे एक रसायन, म्हणजे ‘हार्डनर’, वजनाच्या साधारण शेकडा १ ते २ या प्रमाणात घातले की ते आतल्या आत तापते आणि घट्ट होते. काच ओढ सहन करते, रेझिन त्या धाग्यांना जागच्या जागी धरून ठेवते. एकट्या काचेचा उपयोग नाही, एकट्या रेझिनचाही नाही. या दोहोंच्या वर जो गुळगुळीत, रंगीत, चकचकीत थर दिसतो, त्याला ‘जेलकोट’ म्हणतात. तो जेमतेम अर्धा मिलिमीटर जाडीचा असतो. ऊनपाऊस अडविणे आणि शोभा देणे, एवढेच त्याचे काम. भार सोसण्याचे सामर्थ्य त्याच्या अंगी नसते. थोडक्यात सांगावयाचे तर जेलकोट ही त्वचा आणि काचेचे थर ही अस्थी होत.

आता भेग पडते ती यांपैकी कशाला, हे ओळखणे ही दुरुस्तीची पहिली पायरी आहे. काही भेगा केवळ त्वचेच्या असतात. जेलकोट जाड बसला असेल, उन्हाने कडक झाला असेल किंवा दगडाचा किरकोळ मार लागला असेल, तर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेषा उमटतात आणि तेथेच थांबतात. दुसऱ्या प्रकारच्या भेगा वरून अगदी तशाच दिसतात. परंतु त्यांचे कारण मागे दडलेले असते. आधार कमी पडल्यामुळे पत्रा त्या जागी सारखा लवत असतो, थर एकमेकांपासून सुटलेले असतात, किंवा भेगेतून पाणी आत शिरून मागील लाकूड कुजलेले असते. जाणते कारागीर अशा वेळी खिशातील नाणे काढून त्याच्या कडेने भोवतालचा भाग हलकेच ठोकून पाहतात. थर घट्ट असतील तेथे टणक, स्पष्ट नाद येतो. सुटलेले असतील तेथे आवाज बद्द येतो. डोळ्यांनी जे लपविले ते कानाला कळते. रुपयाच्या नाण्याने होणारी ही परीक्षा करावयास दोन मिनिटे पुरतात. पण ती करण्यासाठी मनाची एक तयारी लागते. उत्तर प्रतिकूल आले तर काम वाढणार, खर्च वाढणार, हे आधीच पत्करावे लागते. पुष्कळदा आपण नाणे खिशातच ठेवतो, ते या भयाने.

अस्थीपर्यंत गेलेली भेग नीट करण्याची रीत मोठी बोधप्रद आहे. प्रथम त्या जागेवरील मेण आणि तेलकटपणा पुसून काढावा लागतो, कारण मेणावर काहीच चिकटत नाही. नंतर भेग आहे तेवढीच भरून चालत नाही. उलट ती मोठी करावी लागते. सुटलेला, पांढरा पडलेला सर्व भाग घासून काढावयाचा आणि जेथे धड थर लागेल तेथे थांबावयाचे. मग कडांना दूरवर सौम्य उतार द्यावयाचा. पत्र्याच्या जाडीच्या सुमारे १२ पट लांबीचा उतार चांगला मानतात. म्हणजे पत्रा अवघा ३ मिलिमीटर जाड असला तरी भोवताली ३६ मिलिमीटरपर्यंत धड दिसणारा भाग घासावा लागतो. पाहणाऱ्याला वाटते की हा मनुष्य दुरुस्ती करीत आहे की नासधूस! परंतु जुने थर आणि नवे थर यांना एकमेकांस धरण्यासाठी ही ऐसपैस जागा लागते. उतारावर काचेच्या कापडाचे लहानमोठे तुकडे एकावर एक बसवावयाचे आणि प्रत्येक थरातील हवेचे बुडबुडे दाबून काढावयाचे. घाईने सर्व थर एकदम घातले तर रेझिन अतिशय तापते आणि त्यालाच नव्या भेगा जातात. हार्डनर कमी पडले तर ते कधीच नीट घट्ट होत नाही. मागे आधार कमी असेल तर तो आधी द्यावयाचा, नाहीतर भेग पुन्हा त्याच जागी उमटते. हे सर्व झाल्यावर शेवटी जेलकोटचा हात. तोही उघड्या हवेत वरून चिकटच राहतो, म्हणून त्यात मेण मिसळतात किंवा तो सुकेपर्यंत वर पातळ प्लास्टिक अंथरतात. मग जाडापासून बारकापर्यंत घासकागद फिरवून चकाकी आणावयाची. घासताना उडणारी काचेची धूळ फुप्फुसांस घातक आणि हार्डनर डोळ्यांस घातक, म्हणून तोंडाला मुखपट्टी आणि डोळ्यांना चष्मा लावल्यावाचून या कामास हात घालू नये.

या साऱ्या श्रमांतून जे हाती येते ते दिसावयास रंगाच्या एका हातासारखेच असते. येथेच मोहाचे मूळ आहे. मेहनतीचा नव्वद टक्के भाग शेवटी अदृश्य होणार, आणि जो दृश्य भाग उरणार तो स्वस्तात मिळविता येतो!

या मोहाचे एक उदाहरण परदेशातून घेऊ. आपल्यांतील अनेक कुटुंबांची मुलेबाळे अमेरिकेत आणि कानडात स्थायिक झालेली आहेत. तिकडे मोटारीमागे जोडून नेण्याच्या लहान घरगाड्यांचा मोठा प्रघात आहे. भारतातही त्याचे बीज पडले असून महाराष्ट्र शासनाने २०२१ साली अशा घरगाड्यांच्या पर्यटनासाठी स्वतंत्र धोरण स्वीकारले. कानडातील विनिपेग येथे रे ओलेको नामक गृहस्थाने १९६८ साली ‘बोलर’ नावाची १३ फुटी घरगाडी काढली. तिचे सर्व अंग फायबरचे, वरचा आणि खालचा असे दोन अर्धगोल मध्यावर जोडून केलेले, अंड्याच्या आकाराचे. त्या गाड्यांपैकी पुष्कळ आज पन्नास वर्षांनंतरही रस्त्यावर आहेत. त्याचे कारण असे की त्यांच्या भेगा वेळोवेळी बुजविल्या गेल्या. आता समजा, अशा एका जुन्या गाडीच्या कोपऱ्यास लहानशी भेग आहे आणि मालकास ती विकावयाची आहे. भेगेत लांबी भरून रंग दिला तर दोन तासांत काम होते, किंमतही पूर्ण येते. घेणारा तरुण मनुष्य बायकामुलांसह त्या गाडीतून शेकडो मैल जाणार आहे. भेग केवळ त्वचेची असेल तर त्याचे काही बिघडणार नाही. पण ती जोडणीपाशी अस्थीपर्यंत गेलेली असेल, तर पाऊस आत शिरेल, लाकूड कुजेल आणि एके दिवशी भर रस्त्यात त्याची परीक्षा होईल. विक्रेता म्हणेल, “मी खोटे काहीच बोललो नाही. त्याने विचारले नाही, मी सांगितले नाही.” हा बचाव आपल्या सर्वांच्या परिचयाचा आहे. परंतु तो टिकत नाही. रंगाचा तो हात म्हणजेच एक विधान होते. ‘येथे सर्व ठीक आहे’ असे तो रंग घेणाऱ्यास सांगत होता. असत्य जिभेनेच बोलावे लागते असे नाही. हातानेही ते बोलता येते, आणि हाताने बोललेले असत्य अधिक काळ टिकते.

यावर दोन आक्षेप येणे साहजिक आहे. पहिला व्यवहारी मनुष्याचा. तो म्हणेल की प्रत्येक ओरखड्याचा एवढा विचार करीत बसलो तर जगात कामे व्हावयाची कशी? या आक्षेपात तथ्य आहे आणि ते नाकारण्याचे कारण नाही. त्वचेच्या भेगेवर अस्थीची शस्त्रक्रिया करणे हेही अज्ञानच होय. धड असलेला भाग उगाच घासून पातळ करणारा, ग्राहकास भीती घालून दसपट काम काढणारा कारागीर सचोटीचा मानता येणार नाही. भेग त्वचेची आहे असे नाणे ठोकून कळले, की तेथे वरची डागडुजी हीच योग्य डागडुजी. म्हणून आपला आग्रह मोठ्या कामाचा नसून आधी परीक्षेचा आहे. परीक्षा केल्यानंतर लहान काम करणे हा विवेक, आणि परीक्षा टाळण्यासाठी लहान काम करणे ही फसवणूक. फसवणूक होते ती पुष्कळदा प्रथम स्वतःचीच.

दुसरा आक्षेप श्रद्धाळू मनुष्याचा. तो विचारील की वरून लेप देणे हे जर झाकणे, तर देवाच्या मूर्तीस वज्रलेप करण्याची जी आपली परंपरा, ती काय म्हणावी? या आक्षेपाचे उत्तर आपल्याच नगरीच्या इतिहासात सापडते. सहाव्या शतकात अवंतीच्या वराहमिहिराने आपल्या ‘बृहत्संहिते’त वज्रलेपाची कृती दिली आहे. टेंभुर्णीची कच्ची फळे, कवठ, सावरीची फुले, सालईच्या बिया, धामणीची साल आणि वेखंड यांचा काढा आठवा हिस्सा उरेपर्यंत आटवावयाचा. त्यात राळ, गुग्गुळ, बिब्बा, जवस, बेल इत्यादी द्रव्ये घालावयाची आणि तो लेप तापवून मंदिर, मूर्ती, शिवलिंग, भिंत, विहीर यांस लावावयाचा. पाहा, राळेने वस्तूचे रक्षण करण्याची कल्पना या नगरीस नवी नाही! अलीकडच्या काळात कोल्हापूरच्या श्रीमहालक्ष्मीच्या मूर्तीवर २०१५ साली आणि पंढरपूरच्या श्रीविठ्ठल-रुक्मिणीच्या मूर्तींवर २०२० साली पुरातत्त्व खात्याच्या तज्ज्ञांकडून रासायनिक संवर्धनाचे काम झाले. हे झाकणे ठरत नाही, याची दोन कारणे आहेत. एक, लेप देण्यापूर्वी मूर्तीच्या झिजेची पाहणी होते. दुसरे, ते काम कोणाला न कळता उरकले जात नाही. भाविकांना ते आगाऊ सांगितले जाते, त्यावर चर्चा होते, प्रसंगी मतभेदही होतात. लेप डोळ्यांस दिसत नसला तरी तो ज्ञात असतो. यावरून आपणांस एक कसोटी मिळते. दुरुस्ती डोळ्यांना दिसू नये यात काही वावगे नाही, उलट ते कारागिराचे कौशल्य आहे. परंतु ती ज्याने त्या वस्तूवर विसंबावयाचे त्याच्यापासून लपलेली असू नये.

दुरुस्ती कशाची करावयाची, रूपाची की गुणाची, हे समजण्यास आपल्या वेधशाळेइतके चांगले उदाहरण नाही. जयपूरचे सवाई जयसिंह यांनी अठराव्या शतकात बांधलेली ही वेधशाळा पुढे जीर्ण झाली. १९२३ साली माधवराव शिंदे यांच्या राजवटीत, ज्योतिर्विद गोविंद सदाशिव आपटे यांच्या पुढाकाराने तिचा जीर्णोद्धार झाला. तेथील सम्राट यंत्राचा उतरता कठडा पृथ्वीच्या अक्षाशी समांतर असावा लागतो. म्हणजे उज्जयिनीच्या अक्षांशाइतका, सुमारे २३ अंशांचा, त्याचा कोन असला पाहिजे. तरच त्याची सावली खरी वेळ दाखविते. आता एखाद्या गवंड्याने त्या कठड्यावर सुरेख गिलावा केला, पांढरा शुभ्र रंग दिला, पण कोन थोडासा चुकविला असता, तर यंत्र पूर्वीपेक्षा देखणे झाले असते आणि रोज, प्रत्येक सूर्यप्रकाशात, खोटी वेळ सांगत राहिले असते. पडक्या यंत्राने निदान कोणाची दिशाभूल होत नाही, कारण त्याच्यावर कोणी विसंबत नाही. चुकीच्या रीतीने नटविलेले यंत्र मात्र विसंबणाऱ्यालाच नेमके फसविते. म्हणून त्या जीर्णोद्धारास गवंड्यापाशी ज्योतिषी उभा असावा लागला. हीच गोष्ट फायबरच्या पत्र्याची, देवळाच्या शिखराची आणि घराच्या गच्चीची. वस्तू कशासाठी आहे हे ज्याला ठाऊक, त्यालाच तिची दुरुस्ती झाली की नाही हे सांगता येते.

आणि शेवटी, ज्याची दुरुस्ती होऊच शकत नाही असेही काही असते, याचे स्मरण ठेवावयास हवे. श्रीमहाकालेश्वराच्या ज्योतिर्लिंगाची झीज होत असल्याचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. पुरातत्त्व आणि भूगर्भ या शास्त्रांच्या तज्ज्ञांनी पाहणी केली. २०१७ साली प्रत्येक भाविकाने अर्पण करावयाच्या शुद्ध पाण्याची मर्यादा अर्ध्या लिटरवर आली आणि १ सप्टेंबर २०२० च्या आदेशाने भाविकांनी लिंगास घासणे बंद करण्यात आले. स्वयंभू लिंगाच्या जागी नवा थर बसविता येत नाही. तेथे एकच उपाय उरतो, तो म्हणजे आपला हात आवरणे. पिढ्यान्पिढ्या प्रेमाने जे केले त्यानेच झीज झाली, हे मान्य करावयास श्रद्धेला जड जाते. परंतु प्रिय वस्तूची भेग मान्य करणे हा तिचा अवमान ठरत नाही. भेग पाहूनही न पाहिल्यासारखे करणे, हाच खरा अवमान होय.

तेव्हा दायित्व कोणाचे, या आरंभीच्या प्रश्नाकडे वळू. कारागिराने भेग कोठपर्यंत गेली आहे ते स्पष्ट सांगावे, हे त्याचे कर्तव्य. मालकाने ते ऐकून घ्यावे आणि योग्य मोल द्यावे, हे मालकाचे. पण या दोघांच्या मागे आणखी एक तिसरा असतो आणि तो म्हणजे आपण. उत्सवाची वर्गणी देणारे, कार्यकारिणीवर बसणारे, सर्वांत कमी दराच्या निविदेवर मान डोलावणारे, रंगरंगोटी पाहून ‘वा, काय काम झाले!’ म्हणणारे आपणच. कारागिराच्या ज्या श्रमांची आपण कधी चौकशी करीत नाही, ज्यांचे मोल देण्याची आपली तयारी नसते, ते श्रम हळूहळू कामातून नाहीसे होतात आणि मागे उरतो तो केवळ रंग. पोकळ वस्तू निर्माण करणाऱ्यास दोष देताना, पोकळ स्तुतीवर संतुष्ट राहणाऱ्यांनीही आपला वाटा ओळखला पाहिजे.

वाचक बंधुभगिनींनो, आपल्या घरच्या पाण्याच्या टाकीला, अंगणातील मुलांच्या घसरगुंडीला, मंडपातील कमानीला अथवा देवळाच्या एखाद्या मखराला उद्या बारीकशी भेग दिसली, तर रंगाचा डबा उघडण्यापूर्वी एक नाणे हाती घ्यावे आणि ठोकून पाहावे. नाद टणक आला तर आनंदाने रंग द्यावा. बद्द आला तर उकरावयास आरंभ करावा, धड भाग लागेपर्यंत थांबू नये, आणि काय सापडले ते त्या वस्तूवर विसंबणाऱ्यांना सांगावे. एवढे केले की मग वरचा लेप कितीही सुंदर असो, तो कोणालाही फसविणार नाही.